पाण्यापासून हातभर वर

निमकितने जाताना सात बिया दिल्या,
इंजेक्शनच्या रिकाम्या खोक्यात, कापसावर.
"डल्ले," ती म्हणाली. "अंकल, ही थंडीतली.
इथे यायची नाही. पण तुम्ही हट्टी."

दोन वर्षं ती आमच्या माडीवर भाड्याने होती,
फोंड्याच्या इस्पितळात रात्रपाळीची नर्स.
एप्रिलात जिन्याखाली बसून
बादलीत पाय बुडवायची, डोळे मिटून,
आणि बरणीतली एकच लाल गोळी
भातासोबत चाटून चाटून पुरवायची.
मी एकदा अख्खी खाल्ली.
तीस वर्षं वीज खात्याच्या खांबांवर चढलो,
दोनदा झटका बसलाय.
हा तिसरा.

सातांतल्या चार उगवल्या.
एक गोगलगाईने नेली, एक मला न सांगता मेली,
एक उपासो नाईकाने मागून नेली
आणि सिमेंटच्या अंगणात आठवड्यात भाजली.
उरलेली मी गडग्याआड ठेवली,
पोफळींच्या सावलीत, पाटाच्या काठी,
मुळांवर नारळाची सोडणं,
कुंडीभोवती ओलं गोणपाट.
वाढली. कमरेएवढी. पानं अशी की बघत राहावं.
मार्चात फुलंही आली, पांढुरकी, मान खाली घातलेली.
आणि सकाळी सगळी मातीवर.
देठ पिवळे,
जणू रात्री कुणी मोजून खुडली.

उपासो गडग्यावरून:
"खोलची लाव रे, हळदोण्याची लाव!
आमच्या मातयेक हें कित्याक?
बर्फ घाल आता, म्हावऱ्यावर घालतात तसा."
घातलाही. मासळीवालीकडून मागून.
मांजरं तीन दिवस कुंडी सोडेनात.

मग निमकितला फोन केला.
रावंगलात पाऊस होता,
तिच्यामागे कुणीतरी लाकडं फोडत होतं.
"दिवसाचं ऊन सोसते ती," ती म्हणाली.
"रात्र गार लागते. तुमच्याकडे रात्री
गारवा कुठे असतो?"

कुठे असतो?
त्या रात्री दिवे गेले. पंखा थांबला.
काळोखात विहिरीवर गेलो हातपाय धुवायला,
कठड्यावरून वाकलो, आणि तोंडावर आला
ओल्या चिऱ्यांचा, शेवाळाचा श्वास.
इतकी वर्षं तिथेच होता,
बिनमीटरचा.

तेव्हापासून रहाटाला घागर नाही, कुंडी.
दोर हळूहळू सोडायचा,
पानं दगडाला घासू द्यायची नाहीत,
पाण्यापासून हातभर वर थांबायचं, गाठ मारायची.
बेडूक गप्प होतात, मग पुन्हा सुरू.
पहाटे पदेराचा भोंपू वाजायच्या आत वर ओढायची,
नाहीतर गावभर होईल.
गावभर झालंच.
ललिता म्हणते, "माझ्या गुडघ्यांना
कधी इतकं जपलं नाही."
पण बॅटरी तीच धरते, आणि मी चुकलो की
प्रकाश माझ्या तोंडावर मारते.

पंचवीस रात्री. खांदा धरला.
सव्विसाव्या सकाळी एक फूल गळलं नाही.
सुकलं, पण देठ सोडला नाही त्याने.
आत हिरवा ठिपका, मोहरीएवढा.
मी भिंग आणून पाहिला. मग ललिताने.
मग उपासोने, चष्मा पुसून, काही न बोलता.

आता वाटाण्याएवढा झालाय. एकच.
निमकित म्हणते, बी काढून ठेवा.
ललिता म्हणते, भातासोबत, आधी भात तरी चांगला आणा.
मी काहीच म्हणत नाही, दोर तपासतो.
दोन ठिकाणी काथ्या उसवलाय,
नवा आणायला बाजारात जायला हवं.
तोवर रात्री नऊला उपासो येतो,
चप्पल गडग्यापाशी काढतो,
दोराचं दुसरं टोक मनगटाला गुंडाळतो
आणि मलाच सांगतो,
"सवकास रे. सवकास."